ग्लॅम रॉक, जर्मेनियम आणि नागपूरचा उन्हाळा : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

ग्लॅम रॉकची (सत्तरच्या दशकारंभीचा झगमगाटी ब्रिटिश रॉक) तीन गाणी पुन्हा वाजवून रेकॉर्ड करायची ठरली. टी. रेक्सचं ‘गेट इट ऑन’ (१९७१), डेव्हिड बोवीचं ‘झिगी स्टारडस्ट’ (१९७२) आणि त्याचंच ‘रेबेल रेबेल’ (१९७४). तिन्हींत गिटार पुढे आहे, पण हात वेगळे: पहिल्यात टी. रेक्सचा मार्क बोलन, दुसऱ्यात बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन, तिसऱ्यात मुख्यतः खुद्द बोवी, कारण तोवर रॉन्सन त्याच्यापासून वेगळा झाला होता.

जागा धरमपेठेतली पहिल्या मजल्यावरची खोली, १२ बाय १४ फूट, वर थेट गच्चीचा स्लॅब. दुपारी एकनंतर तिथे काम होणार नाही हे आत्ताच गृहीत धरलं आहे. दोन भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या केल्या, भिंतीपासून चार बोटं सोडून. चिकटवून उभ्या केल्या तर फक्त वरचे सूर शोषले जातात, खालची घुमी तशीच राहते.

सामान: हंबकर पिकअपची (तारांचं कंपन पकडणारा, दोन गुंडाळ्यांचा, घुमी मारणारा) लेस पॉल धाटणीची गिटार, ०.०१० ते ०.०४६ इंची तारा. सिंगल कॉइलची (एकाच गुंडाळीच्या पिकअपची) दुसरी गिटार. एका ईएल८४ व्हॉल्व्हचा ५ वॉटचा अँप, १० इंची स्पीकर. शुअर एसएम ५७ माइक, दोन इनपुटचा इंटरफेस (आवाज संगणकात नेणारा डबा). ड्रम आणि बास दुसरीकडे रेकॉर्ड झाले आहेत, त्यांची नोंद इथे नाही.

७ एप्रिल

गिटारचं सेटिंग. बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर सहावी तार १.८ मिलिमीटर उंच, पहिली १.४. याहून खाली आणली की मोकळा ई कॉर्ड जोरात मारल्यावर जवारी लागते. सतारीला ती शोभते, इथे नाही. तिसरी तार नटच्या (डोक्याजवळची, तारा टेकवणारी पट्टी) खाचेत अडकत होती: बेंड केल्यावर (तार ओढून सूर चढवल्यावर) परत यायची तेव्हा सूर थोडा उतरलेलाच राहायचा. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं, सुटली. लेस पॉल धाटणीच्या गिटारला हा त्रास असतोच, कारण डोकं मागे वळलेलं आणि तिसरी-चौथी तार नटमधून बाहेर पडताना बाजूलाही वळते.

१३ एप्रिल

बोलनच्या त्या काळातल्या आवाजामागे ट्रेबल बूस्टर (गिटार आणि अँपच्या मधे बसणारा, वरचे सूर जोरात करणारा डबा) होता असं सर्वत्र मानलं जातं. डॅलस कंपनीचा रेंजमास्टर: एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर (सिलिकॉनच्या आधीच्या पिढीचा), तीन रेझिस्टर, एक पॉट (फिरवायचा रेझिस्टर), चार कपॅसिटर. मूळ ट्रान्झिस्टर ओसी४४. तो शोधत बसण्यात अर्थ नाही, एसी१२८ चालतो आणि तो आपल्याकडच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंत आउटपुटला बसवलेला सापडतो. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जुना स्टॉक ठेवणाऱ्या दुकानातून आणि दोन मेलेल्या रेडिओंतून मिळून १२ नग जमले.

१२ पैकी दोन नग नकली निघाले. डबा तोच, छाप तीच, आत सिलिकॉन. ओळख सोपी आहे. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बेस-एमिटर (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी दोन, तिसरा कलेक्टर) मोजा. जर्मेनियम ०.२ ते ०.३ व्होल्ट दाखवतो, सिलिकॉन ०.६ च्या आसपास.

उरलेले दहा मोजले. मल्टिमीटरमधल्या गेनच्या (ट्रान्झिस्टर करंट किती पट करतो ते) खाचेवर विसंबू नये, कारण जर्मेनियमची गळती (बेस मोकळा असतानाही झिरपणारा करंट) त्या आकड्यात मिसळते आणि नग आहे त्याहून दमदार भासतो. पद्धत अशी: एमिटर बॅटरीच्या धनाला, कलेक्टर २.४७ किलो ओहममधून (२.२ के आणि २७० ओहम एकापुढे एक) ऋणाला. बेस मोकळा ठेवून त्या २.४७ के वर किती व्होल्ट पडतात ते लिहायचं, ती गळती. मग बेसला २.२ मेगाओहम लावून ऋणाला जोडायचं आणि पुन्हा वाचायचं. दोन आकड्यांतला फरक गुणिले १०० म्हणजे खरा गेन. बॅटरी ९ व्होल्टची भरलेली हवी.

नग क्रमांक ७: ०.२२ व्होल्ट, मग ०.९५. गेन ७३, गळती ८९ मायक्रोअँपिअर.
नग क्रमांक ३: ०.९८ व्होल्ट, मग १.७०. गेन ७२, गळती जवळपास ४०० मायक्रोअँपिअर.

मल्टिमीटरच्या खाचेत हाच ३ नंबर ७ पेक्षा कितीतरी जोरकस दिसला. दोन्ही बाजूला ठेवले, उन्हाळ्यात यांची तुलना करायची आहे. खोली ३१ अंश होती. बोटांत धरलेला नग मोजू नये, आकडा डोळ्यांदेखत चढतो. ब्रेडबोर्डवर टोचून दोन मिनिटं थांबायचं.

उद्या काम बंद. १४ एप्रिलला शहरात माइक उघडा ठेवून काही रेकॉर्ड होईल ही आशाच करू नये.

२० एप्रिल

बूस्टर झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या सर्किटपट्टीवर) उभा केला. किमती: इनपुटला ४.७ नॅनोफॅरड. बेसपासून ऋणाकडे ४७० के, बेसपासून जमिनीकडे ६८ के. एमिटरला ३.९ के आणि त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड. कलेक्टरचा भार म्हणजेच १० के चा पॉट, त्याच्या मधल्या पायातून १० नॅनोफॅरड आउटपुटला. सप्लायवर आणखी एक ४७ मायक्रोफॅरड.

६८ के च्या जागी ४७ के फिक्स आणि त्यापुढे ५० के चा ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट) टाकला. कलेक्टरवर उणे ७ व्होल्ट येईपर्यंत फिरवायचा. ट्रान्झिस्टर थेट सोल्डर केला नाही, सॉकेट लावलं. नग बदलून पाहायचे आहेत आणि जर्मेनियमला डागणीची आच सोसत नाही. एसी१२८ च्या डब्यावरचा ठिपका कलेक्टरच्या बाजूला असतो.

इनपुटचा तो इवलासा ४.७ नॅनोफॅरड हाच सगळ्या आवाजाचा जीव. खालचे सूर तो आत येऊच देत नाही, त्यामुळे अँपला वरचा भागच जोरात मिळतो आणि खर्ज चिखल न होता स्वच्छ राहतो. १० नॅनोफॅरड लावून पाहिला: एकटी गिटार जाड आणि छान वाटते, बाससोबत लगेच खिचडी. ४.७ वर परतलो.

२१ एप्रिल

बिघाड तीन, कारणं तीन.

पहिला: ट्यूनरच्याच अडॅप्टरवरून बूस्टर चालवायला गेलो आणि दोन्ही बंद पडले. हे सर्किट पीएनपी आहे, म्हणजे धन टोक जमिनीला. बाकी पेडलांचं ऋण टोक जमिनीला. एकाच अडॅप्टरवर दोन्ही टाकले की सरळ शॉर्ट. बूस्टरला स्वतःची ९ व्होल्टची बॅटरीच हवी. खपत पाव मिलिअँपिअरच्या आसपास, बॅटरी महिनोन्महिने जाते, फक्त जॅक काढून ठेवायचा. त्यासाठी इनपुटला स्टीरिओ जॅक लावून बॅटरीची धन वायर मधल्या कड्याला जोडली. एरवीच्या पेडलात तिथे ऋण असते, सवयीने चूक होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही उलटे: धन पाय जमिनीकडे.

दुसरा: पॉट पूर्ण उघडला की शिट्टी. डब्यात इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींना लगटून गेल्या होत्या. वेगळ्या कोपऱ्यांतून नेल्या, थांबली.

तिसरा: आवाज कर्कश, कान फाटतील असा. ट्यूनर पेडल आधी आणि बूस्टर नंतर लावला होता. ट्यूनरमधला बफर गिटारच्या पिकअपला बूस्टरपासून तोडतो. बूस्टरचा इनपुट मुद्दाम कमी रोधाचा आहे, तो पिकअपला थोडं दाबतो आणि त्यातूनच टोक बोथट होतं. गिटार, मग थेट बूस्टर, मग बाकी सगळं. हा क्रम बदलायचा नाही.

५ मे

घुमी. आठवडा यातच गेला आणि दोष बूस्टरचा नव्हता.

खोलीत डेझर्ट कूलर आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. तो चालू असताना सिंगल कॉइल गिटारमधून ५० हर्ट्झचा गुं येतो. गिटार धरून जागेवरच गोल फिरलं की एका कोनात तो नाहीसा होतो. म्हणजे मोटरचं चुंबकीय क्षेत्र थेट पिकअप पकडते, वायरिंग तपासण्यात हशील नाही. हंबकरमध्ये हा प्रश्न जवळपास नाही. मात्र कूलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असला की वेगळी, बारीक करकर येते आणि ती हंबकरमध्येही शिरते. रेग्युलेटर एकतर पूर्ण, नाहीतर बंद.

राहिलेली घुमी तारांना हात लावल्यावर वाढायची. हे वाईट लक्षण. हात लावल्यावर कमी झाली असती तर नुसतं शिल्डिंगचं काम होतं. सॉकेट मोजलं: फेज-न्यूट्रल २३१, न्यूट्रल-अर्थ ३८ व्होल्ट. तिथे दोन-तीन व्होल्टच्या वर जायला नको. तिसऱ्या पिनमागे वायरच नव्हती. जुन्या घरांत हे सर्रास दिसतं. वायरमनकडून अर्थ ओढून घेतली, न्यूट्रल-अर्थ १.४ झालं, घुमी गेली. घुमी घालवायला अँपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घुमी त्यानेही जाते. व्हॉल्व्ह अँपमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि काही बिघडलं तर ते जमिनीत जाण्याऐवजी तारांवरच्या हातातून जातात.

१२ मे

‘गेट इट ऑन’. सुमारे १२६ बीपीएम (मिनिटाला मात्रा). कडव्यात ई आणि ए, कोरसला जी, ए, ई. उजव्या हाताचं काम सगळं. ई वर असताना सहावी तार मोकळी, पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट आणि चौथा फ्रेट अशी ये-जा. ए वर तीच चाल एक तार खाली सरकवून. तळहाताची कड ब्रिजवर, पण हलकी. पूर्ण दाबली तर मेटलसारखं ठक-ठक होतं, सोडली तर पसरतं. कड ब्रिजच्या सॅडलवर अर्धी आणि तारांवर अर्धी, एवढाच स्पर्श.

झोका (स्विंग) देण्याचा मोह होतो, कारण चाल जुन्या बूगीची आहे. देऊ नये. अर्ध्या मात्रा (एट्थ नोट्स) जवळपास सरळ ठेवायच्या आणि पिकचा प्रहार बीटच्या किंचित मागे पडू द्यायचा. मेट्रोनोमला चिकटून घेतलेला पहिला टेक बरोबर होता आणि निर्जीव होता.

थर. पहिल्या दिवशी चार ट्रॅक घेतले, चारही अँप ८ वर आणि बूस्टर पूर्ण उघडून. एकेक ऐकताना अंगावर काटा. चारही एकत्र लावले तर मधमाश्यांचं पोळं, कॉर्ड कुठला तेही कळेना. विकृती (डिस्टॉर्शन) वाढली की प्रहाराचं टोक सपाट होतं, आणि चार सपाट टोकं एकत्र आली की लय दिसतच नाही. सगळं पुसलं.

दुसऱ्या दिवशीचं, जे ठेवलं: अँप ४ वर, बूस्टरचा पॉट ६ वर, गिटारचा व्हॉल्यूम ७. डावीकडे ब्रिज पिकअप. उजवीकडे दोन्ही पिकअप एकत्र, तीच चाल पुन्हा वाजवून, कॉपी करून नव्हे. मध्ये तिसरा ट्रॅक फक्त कोरसला, पाचव्या फ्रेटच्या वरच्या आकारांत, १० डेसिबल खाली. प्रत्येक थर एकटा ऐकला तर जरा किरकोळ वाटला पाहिजे. किरकोळ वाटत नसेल तर गेन जास्त आहे. ग्लॅमचा भव्यपणा विकृतीतून येतो असा समज आहे. तो बराचसा पुन्हा-पुन्हा वाजवण्यातून येतो.

माइक स्पीकरपासून ५ सेंटिमीटर, मधल्या टोपीच्या कडेवर रोखलेला. कडेपासून बोटभर बाहेर सरकवला की आवाज बंद खोलीतून आल्यासारखा होतो, बोटभर आत आणला की सुई. रेकॉर्डिंगची पातळी टोकाला उणे १२ डेसिबल.

मूळ रेकॉर्डमधली पियानोची सरपट रिक वेकमनची. गिटारवर स्लाइड घासून तिची नक्कल करून पाहिली, फार केविलवाणं झालं. जागा मोकळी सोडली.

१९ मे

‘झिगी स्टारडस्ट’. जी ची सुरुवात सगळ्यांना येते आणि बहुतेकांची चुकते, कारण सगळे सहा तारा भसकन मारतात. रॉन्सन तारा निवडतो. जी वर आधी खालच्या तारा, मग वरच्या, मधे किंचित अंतर. डी ला सहावी तार अंगठ्याने बंद. कडव्यात जी, बी मायनर, सी, डी. कोरसला ए, जी, एफ, जी पॉवर कॉर्डमध्ये आणि इथे हात एकदम कोरडा: कॉर्ड मारला की डाव्या हाताची पकड सैल करून तोडायचा.

रॉन्सनची साखळी नोंदलेली आहे: वरचा रंग खरवडलेली १९६८ ची लेस पॉल कस्टम, टोन बेंडर फझ (आवाज जाड, खरखरीत करणारं पेडल), वाह पेडल आणि २०० वॉटचा मार्शल मेजर. त्यातलं वाह महत्त्वाचं. तो ते पायाने हलवत नसे, एका जागी अडकवून ठेवत असे. त्या स्थितीत वाह म्हणजे एकाच पट्टीला उचलणारा फिल्टर, आवाज नाकातून आल्यासारखा होतो आणि ड्रमच्या वर सहज तरंगतो. आमची जागा: टाच पूर्ण खाली असताना शून्य धरलं तर एक तृतीयांश वर. पेडलखाली खोडरबर कापून बसवलं आणि कडेला पांढऱ्या रंगाची रेघ मारली. पाय लागून जागा हलली की दोन टेकमधला आवाज जुळत नाही, आणि हे मिक्सिंगला बसल्यावरच कळतं.

वाह बूस्टरनंतर लावलं. आधी लावलं तर बूस्टरचा कमी रोध वाहचं शिखर खाऊन टाकतो.

२८ मे

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू. आज फक्त मोजमाप, वाजवणं नाही.

सकाळी ६.३० ला खोली ३१ अंश, दुपारी २ ला कूलर बंद ठेवून ४३. दोन्ही वेळा कलेक्टरचा व्होल्टेज मोजला. दोन्ही नग सकाळी ट्रिमरने उणे ७.० वर आणले होते.

७ नंबर: दुपारी उणे ६.८.
३ नंबर: दुपारी उणे ६.०.

गेन सारखा, फरक केवळ गळतीचा. जर्मेनियमची गळती दर आठ-दहा अंशाला साधारण दुप्पट होते. मूळची ९० असेल तर २०० होऊन फारसं बिघडत नाही. मूळची ४०० असेल तर ९०० होते आणि ती बेसच्या रेझिस्टरमधून जाताना ट्रान्झिस्टरला स्वतःहून जास्त उघडते. ऐकायला ३ नंबर दुपारी मऊ झाला, प्रहार दबला. वाईट नाही, पण सकाळच्या टेकशी जुळणार नाही.

तुलनेसाठी फझ फेस धाटणीचं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट ब्रेडबोर्डवर उभं केलं. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर सकाळी उणे ४.६, दुपारी उणे ६.९. आवाज तुटक, सूर संपण्याआधीच फुर्रकन गळणारा. इथे पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला दुसऱ्याच्या एमिटरवरून १०० के मधून करंट मिळतो. गळती वाढली की पहिल्याला तो करंट लागतच नाही, त्यामुळे दुसरा बंद होत जातो. विदर्भात उन्हाळ्यात जर्मेनियम फझ वाजवायचा असेल तर ट्रिमर डब्याच्या बाहेरून फिरवता येईल असा ठेवावा. नाहीतर सिलिकॉन घ्यावा आणि गप्प बसावं.

तारांचंही मोजलं. कूलर बंद केल्यावर वीस मिनिटांत खोली ३२ वरून ३७ वर जाते आणि तारा ५ ते ८ सेंट (सेंट म्हणजे दोन लगतच्या फ्रेटमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरतात. ४४० हर्ट्झवर ५ सेंट म्हणजे सव्वा हर्ट्झचा फरक, म्हणजे दोन थर एकत्र वाजले की सेकंदाला सव्वा हेलकावा. दोन थरांत तो गोड लागतो. तीन थर तीन वेगवेगळ्या तापमानांना घेतले तर गाणं आजारी वाटतं. नियम: कूलर बंद, पाच मिनिटं थांबा, सुरात लावा, दोन टेक, पुन्हा सुरात लावा. सगळं सकाळी ६.३० ते ९.३० मध्ये. कूलरसमोर गिटार स्टँडवर ठेवू नये, ओलसर वारा आणि कोरडी दुपार यांच्या आलटून-पालटून माराने मान हलते. केसमध्ये ठेवावी.

२ जून

‘रेबेल रेबेल’. एकच तुकडा जवळजवळ गाणंभर फिरतो. डी वरून ई वर जाताना पहिली मोकळी तार वाजत राहिली पाहिजे, तीच दोन कॉर्डना शिवते. बोट चुकून तिला टेकलं की तुकडा लंगडा. बूस्टरसह ती तार टोचते, गिटारचा टोन ६ वर आणला.

एक फेरी चांगली वाजवून पुढे चिकटवत जाणं सोपं होतं. करून पाहिलं, चौथ्या फेरीला कंटाळा येतो. साडेचार मिनिटं सलग वाजवून घेतलं. मनगट दुखतं, शेवटी पिकचा जोर वाढतो, आणि तो वाढलेला जोर ऐकायला बरा लागतो.

९ जून

टाळ्या आणि ठोके. तीन माणसं, पाच टेक, दर टेकला जागा बदलून, माइकपासून दीड मीटर. काहींनी तळवे सपाट, काहींनी पोकळ. दहा-वीस मिलिसेकंदांची मागेपुढे हवीच, संगणकावर सगळ्या एका रेषेत आणल्या की एकाच माणसाची मोठी टाळी होते. आपल्याकडचा घोळ वेगळाच: भजनातली सवय टाळी समेवर पाडायची. इथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी. पहिल्या दोन टेकमध्ये प्रत्येक कोरसनंतर कुणीतरी समेवर परत येत होतं. मग समेला पाय आपटायचा आणि टाळी नंतर, असं केल्यावर बसलं.

पायाच्या ठोक्यासाठी जेवणाचा लाकडी पाट गादीवर ठेवून त्यावर कोल्हापुरी चपलेची टाच. फरशीवर नुसता टक आवाज येतो, पाटाखाली गादी असल्याने खाली थोडी धम मिळते. माइक पाटापासून ३० सेंटिमीटर.

१६ जून

पाऊस आला. खोली सकाळी २८ अंश. बूस्टर सॉकेटमधल्या ७ नंबरवर उणे ७.१, ट्रिमरला हात लावला नाही. ३ नंबर वेगळ्या डबीत, वर तारीख आणि गळतीचा आकडा लिहून ठेवला.

आर्द्रता वाढल्याने बाराव्या फ्रेटवर सहावी तार १.८ वरून २.१ झाली. ट्रस रॉड (मानेतली धातूची दांडी) लगेच पिळायचा नाही, आठवडाभर हवा स्थिर होऊ द्यायची, मग फेऱ्याचा फक्त आठवा हिस्सा.

बाकी: ‘झिगी’च्या दुसऱ्या कोरसचा उजवा थर १९ मेचा, डावा २५ मेचा, वाहची रेघ दोघांत जुळत नाही. उजवा पुन्हा घ्यायचा.